पान एकतिसावरची ओळ

यशोधरा मंचरला डीटीपी करते. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं छोटं दुकान आहे. एक संगणक, एक प्रिंटर, दोन खुर्च्या. लग्नपत्रिका, दशक्रियेची निमंत्रणं, दुकानांची हँडबिलं, कधी एखादी पुस्तिका. मजकूर ती टाइप करते, पानात बसवते आणि फाईल छापखान्याला पाठवते. छापणारा दुसरा. वाटणारा तिसरा. आपलं काम कागदाच्या आधीच संपतं, असा तिचा समज होता.

ती मूळची खोडदची. वडील रविंद्र गवंडीकाम करायचे. बारावीनंतर ती हनुमंतकाकांच्या हाताखाली शिकली. काका नात्यातले. उमेदीत त्यांनी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले होते, उतारवयात संगणकावर आले. टाइप दोन बोटांनीच करायचे. पण धंदा त्यांना पुरता कळला होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला सांगितलं, "गिऱ्हाईक म्हनलं, ह्ये काढ, तर काढायचं न्हाई. झाकायचं."

"का?"

"ते परत येतंय."

काका बरोबर होते. त्याच लगीनसराईत एका पत्रिकेतून नवरीच्या चुलत्याचं नाव सकाळी गेलं. बांधाचं भांडण होतं. दुपारी मामा मध्ये पडले, नाव परत आलं. चार वाजता चुलत्यानं विचारलं, माझ्या बायकोचं नाव कुठंय? नाव पुन्हा गेलं. सहाला नवरीचा बाप स्वतः घाम पुसत आला. "ताई, राहू दे त्याचं. पाठचा भाऊ हाये." यशोधरानं एक क्लिक केलं आणि नाव जागेवर आलं. बाप बघतच राहिला. "जादूच की राव!"

जादू कसली. सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनमध्ये प्रत्येक ओळीपुढं डोळ्याचं चिन्ह असतं. डोळा मिटला की ओळ दिसत नाही. उघडला की दिसते. पुढं तिनं स्वतःचं दुकान टाकलं. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तिनं गिऱ्हाइकाचं एक अक्षर पुसलं नाही. यशोधराच्या पत्रिकेत चूक निघत नाही, असं मंचरात म्हणतात. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "रोज दुसऱ्यांची जुळवते तेवढी बास झाली."

डिसेंबरात समृद्धीताई तिच्याकडं आल्या. मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बायकांसाठी त्या एक लहानशी संस्था चालवतात. अकरा बायकांनी आपली हकिकत सांगितली होती. अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका करायची होती. प्रत्येक हकिकतीखाली उजव्या बाजूला एक ओळ होती. नाव, मूळ गाव, सध्याचं गाव, वय. यशोधरानं सगळं जुळवलं. मग समृद्धीताईंचा फोन आला.

"नावं बदलूया. गावं काढून टाक. पण दोघीतिघी म्हणतायत, आमचं खरंच छापा. त्यांचं शुक्रवारी पक्कं सांगते."

म्हणजे नावं परत येणार होती. यशोधरानं अकराही ओळींचे डोळे मिटले. प्रत्येकीच्या खाली टोपणनावासाठी कोरी ओळ ठेवली.

गुरुवारी दुपारी एक बाई दुकानात आली. डोक्यावरची ओढणी तिनं दार लोटल्यावरच सोडली. ती अक्षदा. मूळची मढची. चार वर्षांच्या मुलीला घेऊन निघालेली. इथं कांद्याच्या वखारीत निवडायला जायची.

"माझं पान दावा, ताई."

यशोधरानं पान एकतीस उघडलं. अक्षदा दुसऱ्या खुर्चीत बसली आणि बोट न लावता, ओठ हलवत, सावकाश वाचू लागली. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. त्या डागाची हकिकत यशोधरानं टाइप केली होती. म्हणून तिला तिकडं बघवेना.

"नाव काय ठेवू तुमचं?"

"ठमाबाई."

"हे म्हातारीचं नाव वाटतं."

"माझी आजी व्हती. तिला कुनी कधी मारलं न्हाई."

यशोधरानं ठमाबाई टाइप केलं. अक्षदा पडद्याच्या आणखी जवळ गेली. "आन् वरचं? मंचर लिवलं व्हतं ते?"

"काढलं."

"बघा हां. त्याला वाटतंय मी घाटाखाली गेले. दोनदा कल्यानला जाऊन हुडकून आलाय. मंचर त्याच्या डोक्यातबी न्हाई."

"काढलं, अक्षदा," यशोधरा म्हणाली. पडद्यावर ओळ नव्हतीच. आपण खोटं बोललो असं तिला त्या वेळी वाटलंही नाही.

शुक्रवारी दोघींचा होकार आला. यशोधरानं त्यांचे दोन डोळे उघडले. नऊ मिटलेले राहिले.

पुस्तिका जुन्नरला सावळारामभाऊंच्या छापखान्यात छापायची होती. रविवारी जुन्नरातच कार्यक्रम होता. भाऊंचा संगणक जुना. त्यावर सॉफ्टवेअरही जुनं, तेरा नंबरचं. छपाईची प्लेट काढायचं यंत्र त्याच संगणकाला जोडलेलं, दुसऱ्या कशावर ते चालत नाही. पीडीएफ भाऊंना नको असते. मोठ्या कागदावर आठ पानं ते स्वतः मांडतात, आणि ते काम त्यांना त्यांच्या व्हर्जनमध्येच जमतं. त्यामुळं यशोधराला दर वेळी नवी फाईल जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्यावी लागते.

अख्खा शुक्रवार त्यात गेला. अकराला भाऊंचा फोन. "ताई, फाईल उघडत न्हाई." तिनं पुन्हा सेव्ह करून पाठवली. "आता उघडली, पन जोडाक्षरं फुटल्यात." भाऊंकडचा फॉन्ट वेगळा होता. मग तिनं पानावरचं सगळं एकदम निवडून कर्व्ह केलं. कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांची चित्रं करणं. मग फॉन्टचा प्रश्न उरत नाही. पण चित्रांनी फाईल जड झाली. भाऊंचा संगणक लटकला. तिनं मुखपृष्ठावरची सावली उडवली. मागचा फिकट रंग सपाट केला. तरी उघडेना. शेवटी आठआठ पानांचे सहा तुकडे केले.

संध्याकाळी पाचला भाऊ ओरडले, "आली, ताई! लई झ्याक आली!"

जुन्या व्हर्जनमध्ये उतरवलेली फाईल आपल्याकडं परत उघडून बघायची असते. हेही हनुमंतकाकांनीच शिकवलं होतं. सहा फाईली होत्या. डोळे जळत होते. तिनं पहिली उघडली. पहिल्या आठ पानांत प्रस्तावना होती, मनोगत होतं. सगळं जागच्या जागी होतं. बाकीच्या पाच तिनं उघडल्या नाहीत.

शनिवारी सकाळी पावणेअकराला भाऊंनी छापलेल्या कागदाचा फोटो पाठवला. "बघा कसं आलंय." यशोधरा पत्रिकेचं प्रूफ वाचत होती. हातातलं सोडून तिनं फोटो मोठा केला. शाई चांगली लागली होती. समासही बरोबर. पान एकतीसवर हकिकत संपत होती, आणि तिच्याखाली दोन ओळी होत्या.

खालची, ठमाबाई.

वरची, अक्षदा, मूळ गाव मढ, सध्या मंचर, वय २७.

आधी तिला वाटलं, आपण चुकून जुनं पान बघतोय. मग तिनं वरच्या ओळीतला क्ष पाहिला. तो फुटलेला होता. बाकी पानावर एकही जोडाक्षर फुटलेलं नव्हतं. म्हणजे ही एकच ओळ कर्व्ह झाली नव्हती. म्हणजे काल ती निवडलीच गेली नव्हती. सगळं निवडलं तरी जे दिसत नाही ते निवडलं जात नाही.

तिनं चौथी फाईल उघडली. ओळ होती. पाचवीत होत्या, सहावीत होत्या. मिटलेल्या नऊच्या नऊ ओळी डोळे उघडून बसल्या होत्या. भाऊंच्या व्हर्जनमध्ये डोळ्याचं चिन्हच नाही. त्याला लपवणं माहीत नाही. खाली उतरताना त्यानं जे होतं ते सगळं दाखवलं.

तिनं भाऊंना फोन लावला. उचलला नाही. मशीन चालू असलं की त्यांना काही ऐकू येत नाही. पुन्हा लावला. पुन्हा. दुकानाचं शटर अर्धं ओढून ती स्टँडकडं धावली. नारायणगावची गाडी निघतच होती.

गाडीत जागा नव्हती. दांडीला धरून तिनं समृद्धीताईंना फोन केला. "पुस्तिका वाटू नका."

"काय झालं?"

"नावं छापली गेली. खरी."

ताई म्हणाल्या, "अक्षदाचं?"

यशोधराला हो म्हणता येईना. शेजारी तिघं जण उभे होते. एक जण तिच्याकडंच बघत होता. तो कुठला असेल? जुन्नरचा? मढचा? तिनं नुसता हुंकार दिला.

"वाटायला अजून आलेलीच नाही," ताई म्हणाल्या. "उद्या सकाळी मिळणार होती. मी पुण्यात आहे, निघतेच. तू आधी मशीन थांबव."

नारायणगावला गाडी बदलून ती जुन्नरला उतरली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. छापखान्याच्या दारात शाईचा आणि रॉकेलचा वास होता. मशीन बंद होतं. सावळारामभाऊ डबा उघडत होते.

"चौदा मिस कॉल? आगं, कुनी गेलं का काय?"

"पान एकतीस, भाऊ."

त्यांनी हात पुसून चष्मा लावला. वाचलं. "तू पाठवलं त्येच छापलंय मी. मला वाटलं, वर नाव, खाली टोपननाव."

"चूक माझीच आहे. किती छापले?"

"ह्ये आठ पानी तेवढंच झालंय. सहाशे. बाकीच्या प्लेटा काढायच्यात अजून."

त्या आठ पानांत दोन हकिकती संपत होत्या. एकीनं स्वतःच खरं नाव मागितलं होतं. दुसरी अक्षदा. भाऊंनी गठ्ठा उचलून कटिंग मशीनखाली ठेवला. चाक फिरवलं. पातं खाली आलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. बोटाएवढ्या पट्ट्या झाल्या.

"झालं समाधान? आता बस. भाकर खा. तोंड बघ कसं झालंय, जनू बिबट्यानं गाठलं."

यशोधरा बसली. तेव्हा तिला कोपऱ्यातलं खोकं दिसलं. ते रिकामं होतं. मशीन सुरू केलं की शाई सारखी लागेपर्यंत पहिले कागद वाया जातात. ते भाऊ त्या खोक्यात टाकतात.

"भाऊ, वेस्टेज कुठंय?"

"त्ये व्हय? नेलं की प्रयागबाईनं. रोज नेती."

"कशाला?"

"वडे बांधायला."

प्रयागबाईंची वड्यांची हातगाडी जुन्नरच्या स्टँडाबाहेर असते. तिथूनच मढच्या गाड्या सुटतात.

"किती कागद होते, भाऊ?"

"पन्नास. शाईला पन्नासच लावतो मी, मोजून."

प्रयागबाई कढईवर झारा आपटत होत्या. शेजारी कागदांचा गठ्ठा, वर वजनाला बटाटा. यशोधरानं गठ्ठ्यावर हात ठेवला.

"आगं आगं! रांग हाये हितं."

"मावशी, हे कागद मला पाहिजेत. सगळे."

"आन् वडं काय तळहातावर देऊ?"

"दुसरे कागद आणून देते. सावळारामभाऊंनीच पाठवलंय."

"इतकी वर्सं वडं इकते मी. कागद परत घेनारी बाई आजच बघितली." पण तिच्या तोंडाकडं बघून प्रयागबाईंनी बटाटा उचलला. "घे बाई. रडू नको गिऱ्हाइकांपुढं."

न फाडलेले एकतीस. फाडून ठेवलेल्या तुकड्यांत पान एकतीस आठ वेळा सापडलं. मग ती कचऱ्याच्या डब्याशी बसली. तेलानं पारदर्शक झालेले, चटणी लागलेले कागद एकेक करून उलगडले. सहा. पंचेचाळीस झाले. पाच राहिले.

"मढची गाडी गेली का, मावशी?"

"साडेअकराची गेली. ही दुसरी लागलीया बघ."

यशोधरा गाडीत चढली. निम्म्या लोकांच्या हातात वडे होते. काय सांगायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते असं, "ज्यांनी ज्यांनी वडा घेतलाय त्यांनी कागद द्या. चुकून देवाचं नाव छापलंय. पायदळी जाईल."

ज्या घरात ती वाढली तिथं देव नव्हते. पण माणसं कशाला बिचकतात ते तिला माहीत होतं. लगेच वडे मांडीवर आले, रुमालात गेले. कागद पुढं येऊ लागले. एका बाईनं तर कागद कपाळाला लावून दिला.

"वडाबी देऊ का?" पुढच्या बाकावरचा म्हातारा म्हणाला. लोक हसले. कंडक्टर म्हणाला, "दादाभाऊ, तुमचा उष्टा वडा कोन घेनार?"

मागच्या बाकावरच्या एका तरुणानं मात्र कागद दिला नाही. त्यानं तो उलगडून खिडकीच्या उजेडात धरला. "बघू तर कोनता देव हाये."

तो वाचत होता. त्याची नजर ओळीओळीनं खाली उतरत होती. तिनं बाकाला धरलं. ओढून घ्यावा तर त्याला वाटेल, आहे काहीतरी.

"हितं तर देव न्हाईच. कुन्या बाईचं रडगानं हाये."

"पाठीमागच्या बाजूला आहे," ती म्हणाली.

त्यानं कागद उलटा केला. मागं कोरं होतं.

"दे रं तिला," दादाभाऊ मान वळवून म्हणाले. "बाईमानूस हाता-पाया पडतंय आन् ह्यो वाचनालय उघडून बसलाय."

गाडी पुन्हा हसली. तरुणानं कागद चुरगाळून दिला. तो शेवटपर्यंत पोचला होता की नव्हता, ते तिला आजही सांगता येत नाही.

खाली उतरून तिनं तुकडे तपासले. पान एकतीस त्यांत तीन वेळा होतं. अठ्ठेचाळीस झाले. तिनं पुन्हा सगळे मोजले. स्टँड पालथा घातला, बाकांखाली वाकली, गटारीत काठी घातली. दोन कागद मिळाले नाहीत. साडेअकराची गाडी एव्हाना मढला पोचली होती.

परतीच्या गाडीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर उसाचे फड, द्राक्षांचे मांडव. सगळे मिळाले, असं अक्षदाला सांगणं अगदी सोपं होतं. ते दोन कागद बहुतेक चिखलात असतील. वडा खाऊन कागद कोण वाचतं? आणि वाचलाच तर त्या माणसापर्यंत तो कसा जाणार? अख्ख्या रस्त्यात ती हेच स्वतःशी घोळवत होती. मंचर आलं तेव्हा ऊन उतरलं होतं.

अक्षदा वखारीत पोत्यावर बसून कांदे निवडत होती. यशोधरा तिच्याजवळ उकिडवी बसली.

"परवा मी तुम्हाला काढलं म्हणाले. मी काढलं नव्हतं. लपवलं होतं. ते छापलं गेलं."

अक्षदाचा हात थांबला नाही. एक कांदा इकडं, एक तिकडं.

"पन्नास कागद बाहेर गेले होते. मी अठ्ठेचाळीस आणले."

"दोन?"

"दोन मिळाले नाहीत."

हात थांबला. अक्षदानं ओढणी डोक्यावरून पुढं ओढली. तिनं वखारीच्या दाराकडं बघितलं. तिथं टेम्पो भरत होते, कुणी कुणाला शिव्या देत होतं.

"सगळं मिळालं म्हनला असता," ती म्हणाली, "तर मी आज खोलीवर जाऊन झोपले असते."

मग ती उठली. दोघी शेजारणीकडून मुलीला घेऊन आल्या. एका पिशवीत सामान मावलं. दिवस मावळायच्या आत तिघी खोडदला पोचल्या. रविंद्रांनी दार उघडलं. लेकीकडं बघितलं, अक्षदाकडं बघितलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "पानी घ्या आधी," एवढंच म्हणाले.

रविवारी कार्यक्रम झाला. यशोधरानं आदल्या रात्रीच नऊच्या नऊ ओळी पुसल्या होत्या. सहाही फाईली उघडून बघितल्या होत्या. भाऊंनी पहाटेपासून मशीन लावलं होतं. पुस्तिका वाटली गेली तेव्हा पान एकतीसवर फक्त ठमाबाई होती. समृद्धीताईंनी पोलिसांत अर्ज दिला. खोडदचा पत्ता कुणालाच सांगितला नाही.

दहा दिवस काही झालं नाही. अकराव्या दिवशी दुपारी एक माणूस यशोधराच्या दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. आवाज मऊ. त्यानं चपला बाहेर काढल्या.

"ताई, हँडबिल काढून मिळंल का? हरवल्याचं."

"मिळेल. बसा."

तो दुसऱ्या खुर्चीत बसला. पिशवीतून त्यानं फोटो काढला आणि पुसून टेबलावर ठेवला. लग्नातला फोटो. मुंडावळ्यांतली अक्षदा.

यशोधरानं कीबोर्डवर हात ठेवले.

"नाव सांगा."

"अक्षदा रामनाथ. मी रामनाथ. रंग गोरा लिवा. डाव्या मनगटावर खून हाये. भाजल्याली."

ती टाइप करत गेली. गेल्या महिन्यात तिनं हाच डाग टाइप केला होता. तेव्हा तो कसा पडला तेही टाइप केलं होतं.

"कुठून हरवल्या?"

"मढवरनं. पन हितं मंचरातच हाये म्हनून कळलंय."

"कुणी सांगितलं?"

"सांगितलं एकानं. गाडीत वाचलं म्हनं." तो हसला. हसणं चांगलं होतं त्याचं. "लोकं कायबी वाचत्यात, ताई. पन दोन दिवस फिरतोय मी हितं. वखारीवरबी गेलो. तिथल्या बायका तोंड उघडत न्हाईत. म्हनलं, फोटो भिंतीभिंतीला लावू." त्यानं पिशवीत हात घातला. "पोरीला फ्रॉक घेतलाय बघा. मापाचा अंदाज न्हाई. आता वाढली आसंल."

फ्रॉक गुलाबी होता. किमतीची चिठ्ठी तशीच होती. यशोधरा म्हणाली, "छान आहे."

"आजच पायजे, ताई. पाचशे."

तिनं पडद्याकडं बघितलं. हरवली आहे. मधोमध अक्षदाचा चेहरा. एक कळ दाबली असती तर प्रिंटर सुरू झाला असता. तो प्रिंटरकडंच बघत होता.

"इथं निघणार नाही," ती म्हणाली. "पाचशे म्हणजे छापखान्यात द्यावं लागेल. त्यांच्याकडं व्हर्जन जुनं आहे. ही फाईल तिथं उघडत नाही. उतरवून द्यावी लागते, अक्षरं फुटतात, परत करावी लागते. दोन दिवस जातात."

"एवढं असतंय का त्यात?"

"असतं."

त्यानं मान डोलावली. त्याला तिचा आवाज खरा वाटला, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"मग सोमवारी येतो. फोटो ठिवा. जपून बरं का, एकच हाये."

"मोबाइल नंबर द्या. आणि राहताय कुठं तेही सांगा, लवकर झालं तर कळवते."

त्यानं दोन्ही लिहून दिलं. अक्षर वळणदार होतं. चपला घालून तो गल्लीतून स्टँडकडं गेला. तो वळेपर्यंत ती जागची हलली नाही. मग तिनं दाराला आतून कडी घातली आणि जमिनीवर बसून समृद्धीताईंना फोन केला.

आज शनिवार. पोलीस ठाण्यातल्या एक ताई सोमवारी सकाळीच साध्या साडीत दुकानात येऊन बसणार आहेत, गिऱ्हाईक म्हणून. पुढं काय होईल ते त्यांनाही सांगता येत नाही. नवरा बायकोला शोधतोय, म्हणाल्या, शोधण्यावरून कुणाला आत टाकता येत नाही. आधी बोलू तर द्या त्याला. यशोधरानं अक्षदाला सगळं फोनवर सांगितलं. शर्टाचा रंग, फ्रॉकचा रंग, गाडीतल्या माणसाचं बोलणं. काहीच गाळलं नाही. अक्षदानं एवढंच विचारलं, "दाराला कडी हाये ना तुमच्या?"

"आहे."

"लावा मग."

यशोधरानं कडी लावली. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर कुणीतरी पत्रिकेसाठी दार वाजवत होतं.